सोयऱ्यांच्या नावावर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. माझ्या मुलीच्या लग्नात मी खोटं बोललो. आमच्या घरात जिच्याशी खोटं बोलायची कुणाची छाती होणार नाही, अशा बाईशी बोललो. आणि ते खोटं वर्षानुवर्षं चालू दिलं.

मी परतूरच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो; राहायला जालन्यात, मस्तगडला. रोज रेल्वेनं ये-जा. शेवटच्या वर्षाला जर्मन विचारवंत असतात. माणसाचा स्वभाव आणि समाजाची रीत यांचं नातं काय — हा माझा हातखंडा विषय. एक जण म्हणतो, माया ही नुसती ओढ आहे. नीती कर्तव्यावर उभी राहते, आणि कर्तव्य काय ते ज्याची त्याची बुद्धी सांगते. दुसरा म्हणतो, एकटा माणूस अर्धाच. घर, समाज, रीतभात यांतून तो पुरा होतो. तिसरा या दोघांना हसतो — कळपाच्या भीतीला तुम्ही नीती म्हणता, म्हणतो. हे मी चांगलं शिकवतो. तिघंही माझ्या खिशात असतात; हवा तेव्हा हवा तो काढतो. अडचण तिथंच झाली.

वैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेला तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. माझी बायको शाळेत नोकरीला, त्यामुळे आमची आरती वैनींच्याच हाताखाली वाढली. न्हाऊमाखू, डबे, वेण्या, दुखणी — सगळं त्यांनी केलं. आरती त्यांना मोठी आई म्हणते. तिचं लग्न परतूरच्या घरात ठरलं तेव्हा वैनींनी दुकानची हळद घरात येऊ दिली नाही. शेजारून जातं मागून आणलं आणि हळकुंडं स्वतः दळली. पोरीला पहिली हळद आपण लावायची हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. आरतीनंही.

आणि मी घाबरलो. कशाला? कुणी काही म्हणालं होतं का? पण भरल्या मांडवात विधवेनं पहिली हळद लावली तर पाहुणे एकमेकांकडे कसे बघतील, हे मला आधीच दिसू लागलं होतं. मग मी स्वतःला पटवलं — वैनींची माया ही ओढ, रीत पाळणं हे कर्तव्य. बघा, कसं चपखल बसवलं! ज्यानं कर्तव्य स्वतःच्या बुद्धीनं तपासायला सांगितलं, त्याचाच आधार घेऊन मी बुद्धी बाजूला ठेवली.

हळदीच्या सकाळी वैनींना बाजूला घेतलं. म्हणालो, "वैनी, सोयऱ्यांचा निरोप आलाय. पहिली हळद सवाष्णींनीच लावावी म्हणून राह्यले."

कसलाही निरोप आला नव्हता.

वैनींनी हातातली हळदीची वाटी माझ्या हातात दिली. "बराबर हाय त्यांचं, भाऊजी. पोरीला तिथं नांदायचं हाय." एवढंच बोलून आत गेल्या.

नवरदेवाची उष्टी हळद घेऊन विहीणबाई स्वतः आल्या. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "पोरीच्या मोठ्या आई कुठं हायत? सारखं त्यांचंच नाव घेती ही. बोलवा की जल्दी!"

"त्यांना बरं न्हाई," मी म्हणालो.

तेव्हापासून वैनी परतूरला गेल्या नाहीत. आरतीच्या डोहाळजेवणाला नाही, नातवाच्या जावळाला नाही. आरती फोनवर रडायची, "मोठी आई, तू का येत न्हाईस गं?" वैनी तिला काही सांगत नसत, सासरबद्दल तिचं मन कलुषित व्हायला नको म्हणून. मला मात्र एकदा म्हणाल्या, "जिथं माझा हात चालत न्हाई, तिथलं पाणी मला चालत न्हाई." बिचाऱ्या विहीणबाई आमंत्रणावर आमंत्रण धाडत होत्या. आपलं काय चुकलं, हे त्यांना कळत नव्हतं. मला कळत होतं.

मी गप्प बसलो असं म्हणू? त्याहून वाईट केलं. ही गोष्ट वर्गात उदाहरण म्हणून सांगू लागलो — एक गृहस्थ होते, त्यांचं मन वेगळं सांगत होतं, पण समाजाचा दबाव आला, वगैरे. तास छान रंगायचा. यंदा एका मुलीनं मध्येच विचारलं, "सर, त्या सोयऱ्यांनी खरंच सांगितल्तं का? का गृहस्थानं घरीच बसून समाज तयार केल्ता?"

वर्ग हसला. मीही हसलो. आणि म्हणालो, "सांगितलं होतं तर." वैनींशी, विहीणबाईंशी, आता वर्गाशीही खोटं.

परतीच्या गाडीत मला स्वच्छ दिसलं. समाज माझ्या दारात आलाच नव्हता. त्याच्यातर्फे मीच बोललो होतो. भित्रेपणा माझा, आणि डाग लागला तो एका भल्या घराला. स्वभाव आणि रीत यांच्यावर मी इतकी वर्षं बोलतो आहे. या प्रकरणात रीतीचा काही दोष होता का, हे मी कधी तपासलंच नाही. रीतीला तोंड उघडायला मी वेळच दिला नव्हता.

परवा आरतीच्या नणंदेच्या लग्नाचं आमंत्रण आलं. वैनी नेहमीसारख्या नाही म्हणाल्या. दुपारी त्या गहू निवडत बसल्या होत्या. मी समोर जाऊन खाली बसलो.

"वैनी, आरतीच्या हळदीला सोयरे काहीच म्हणले नव्हते."

त्यांचा हात सुपात थांबला. "मंग कोण म्हणलं व्हतं?"

"कुणीच न्हाई. मी म्हणलो. विहीणबाई तर तुम्हाला बोलवत व्हत्या. तुम्हाला बरं न्हाई म्हणून मीच सांगितलं. लोकांना भ्यालो. त्यांना अन् आरतीला मी आजच सांगणार हाय. तुमचा हक्क मी हिसकला, वैनी. मी चुकलो."