तांब्याच्या लोटीतले पाणी

माझे बालपण शिरूरला घोड नदीच्या काठावरील पाठशाळेत गेले. पहाटे नदीवरून पूजेचे पाणी आणावे, देवांना स्नान घालावे आणि मग पाठाला बसावे, हा तिथला क्रम होता. पुढे मी विज्ञानाची पदवी घेतली आणि दौंडच्या एका ख्रिस्ती माध्यमिक शाळेत शिक्षक झालो, तरी तो क्रम मी मोडला नाही. नदी तेवढी बदलली. घोड नदीच्या जागी भीमा आली.

शाळेने मला फार सांभाळून घेतले. माझ्या कपाळावरच्या गंधाविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. सकाळच्या प्रार्थनेला मी हात जोडून स्तब्ध उभा राहत असे आणि मुख्याध्यापिका असलेल्या सिस्टर त्यातच समाधान मानीत. मीच एका बाबतीत त्यांच्यापासून अंतर ठेवले होते. शाळेचे पाणी मी पीत नसे. घरून तांब्याची लोटी भरून आणी आणि त्या पाण्यात देवांच्या तीर्थाची एक पळी घाली. शिक्षकांच्या खोलीत त्या लोटीला दुसऱ्या कोणाचा हात लागू नये, याची सर्वांनाच सवय झाली होती. सर्वांत अधिक सवय झाली होती ती शाळेत पाणी भरणाऱ्या मावशींना. त्या रोज सर्वांच्या टेबलांवर पेले ठेवीत. माझे टेबल येताच न थांबता पुढे जात. त्या कामाला लागल्यापासून माझ्या निवृत्तीपर्यंत, असे मी बारा वर्षे चालू दिले.

त्यांची मुलगी दहावीत माझ्या वर्गात होती. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी शाळेतून एकच प्रकल्प पाठवायचा असे, आणि त्या मुलीसाठी ते वर्ष शेवटचे होते. तिने विषय निवडला पाण्याचा. आरोग्य उपकेंद्रातून तपासणीच्या छोट्या बाटल्या आणल्या. त्यांत पाणी भरून दोन दिवस उबेला ठेवायचे. मैल्यातले जंतू असले तर पाणी काळे पडते. शाळेची टाकी, कुरकुंभच्या वाटेवरची एक कूपनलिका, बाजारातला हातपंप, अशी तिची यादी होती. एके दिवशी ती माझ्या टेबलाशी येऊन संकोचाने उभी राहिली.

"सर, तुम्ही शिकवलंय की तांब्याच्या भांड्यात पाणी शुद्ध राहतं. तुमच्या लोटीतलं थोडं द्याल? सगळ्यांत चांगलं म्हणून ते शेवटी मांडीन."

मला मनातून आनंद झाला, हे कबूल केले पाहिजे. तिने हात पुढे केला, तेव्हा मी लोटी तिच्या हाती न देता बाटली टेबलावर ठेवायला सांगितली आणि स्वतः वरून धार धरली.

दोन दिवसांनी प्रयोगशाळेत वर्गासमोर बाटल्या मांडल्या गेल्या. शाळेच्या टाकीचे पाणी स्वच्छ होते. कूपनलिकेचेही तसेच. हातपंपाचे किंचित काळसर झाले होते. शेवटची बाटली शाईसारखी काळी होती.

त्याचे कारण मला त्याच क्षणी कळले. घरचे पाणी नळाचे होते. तीर्थाची पळी मात्र भीमेची होती. सकाळी भरलेल्या लोटीतले तांबे दुपारपर्यंत काय करणार? नदीत वरच्या गावांचे काय काय येऊन मिळते, हे मी दरवर्षी 'जलप्रदूषण' या पाठात सांगत आलो होतो. पूजेच्या वेळी मला ते कधी आठवले नाही.

मागच्या बाकावर कोणी तरी हसले. मी म्हणालो, "नमुना घेताना तुझा हात लागला असेल."

त्या वाक्यात विज्ञान किती होते आणि दुसरे काय होते, हे त्या वयातल्या मुलांनाही समजते.

ती खाली मान घालून, पण स्पष्ट म्हणाली, "माझा हात लागला न्हाई, सर. तुम्ही लावूच दिला न्हाई."

मी तो नमुना सदोष ठरवला, नोंदवहीतून ती नोंद काढायला सांगितली आणि प्रदर्शनाला दुसऱ्या एका मुलाचे पवनचक्कीचे प्रारूप पाठवले. सिस्टरांनी कारण विचारले, तेव्हा पाण्याच्या प्रकल्पात निरीक्षणे काटेकोर नाहीत असे मी सांगितले. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. हे असत्य मी रोज संध्यावंदन करणाऱ्या वाणीने बोललो.

वर्षाच्या अखेरीस प्रयोगवह्या सहीसाठी आल्या. चुकलेली नोंद खोडरबराने पुसू नये, तिच्यावर एकच रेघ ओढावी, म्हणजे खालचे वाचता येते, ही शिस्त मीच वर्गाला लावली होती. तिच्या वहीत शेवटच्या ओळीवर एकच सरळ रेघ होती. खाली स्वच्छ वाचता येत होते: 'सरांची लोटी. पाणी सरांनी स्वतः ओतले. काळे.' शेऱ्याचा रकाना रिकामा होता. 'नोंद योग्य' एवढे दोन शब्द तिथे सहज मावले असते. मी सही केली आणि वही मिटली.

त्यानंतर तीर्थ देवघरातच राहते. लोटी मात्र निवृत्तीच्या दिवसापर्यंत मी शाळेत नेत राहिलो. ती एकाएकी बंद केली असती, तर कारण सांगावे लागले असते.

शेवटच्या दिवशी ती घरी ठेवून गेलो. निरोपाचा समारंभ आटोपल्यावर शिक्षकांच्या खोलीत मावशींना म्हणालो, "मावशी, जरा पाणी देता?"

त्यांनी पेला दोनदा विसळला, भरला आणि माझ्या हाती न देता टेबलाच्या कडेला ठेवून त्या एक पाऊल मागे सरल्या. बारा वर्षांत मीच त्यांना हे शिकवले होते.

"घ्या, सर," त्या म्हणाल्या. "पोरीनं तपासल्यालं हाय."

मी पाणी प्यायलो. मुलगी कुठे असते, असे विचारले. शिरूरला कॉलेजात आहे, विज्ञान घेतले आहे, असे त्यांनी सांगितले. तिला द्यायचा निरोप जिभेवर आला होता. पण मी म्हणालो ते एवढेच, की पाणी छान आहे. त्यांनी मान हलवली आणि माझा रिकामा पेला उचलण्याआधी हात पदराला पुसले.