भट्टीवालीचा मासा

सुकामेवा भाजायच्या कारखान्यात ती इतकी वर्षं भट्टीपाशी बसली होती की तिचं खरं नाव पगाराच्या दिवशीच कानावर पडायचं. मुकादम तिला भट्टीवाली म्हणायचा, आम्ही बायका भट्टीवाली मावशी. काम एकच, पण सगळा कारखाना त्यावर टांगलेला. बदाम-अक्रोड भट्टीत फिरत असायचे, ती डोळे मिटून वास घेत बसायची आणि मध्येच हात वर करायची. हात वर झाला की घाणा उतरवायचा. जरा उशीर झाला तर पोती-पोतीभर माल काळा. म्हणून अख्ख्या कारखान्यात पाठ टेकायची खुर्ची फक्त तिला होती. बाकी आम्ही बाकांवर आणि उलट्या डब्यांवर.

त्या खोलीत धूर कोंडायचा. धूर ओढणारा पंखा कधीचा मेला होता आणि नवा बसवा म्हणून आम्ही मालकाच्या मागे लागलो होतो. त्याचं उत्तर ठरलेलं. भट्टीवालीला विचारा, सगळ्यांत जास्त धूर तिनं खाल्लाय, तिला काही झालंय का? आणि मावशी म्हणायची, मला काय धाड भरलीय! झालं. मी महिना महिना बायकांना गोळा करावं, घसा फोडावा आणि या बाईनं एका वाक्यात सगळ्यावर बोळा फिरवावा.

शेवटी मालकानं आम्हाला पंख्याचं बोलायला बोलावलं. त्याच्या आदल्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. भांडायलाच गेले होते, उगाच गोड कशाला बोलू.

दोन खोल्या, जिन्यात सायकल, दारामागे किल्ल्यांचे झुबके. नवरा कुलपं दुरुस्त करतो, त्याला सगळे किल्लीवाले काका म्हणतात. मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाली, "भांडायचं तर जेवून भांड. मासा आहे. वेळ लागत नाही."

खरंच लागत नव्हता. काटे काढलेले जाड तुकडे तिनं जुन्या फडक्यानं टिपून कोरडे केले. ओले राहिले तर वरचं कवच सुटतं म्हणाली. मीठ, मिरपूड, लिंबू, वरून फेटलेलं अंडं. मग फळीवरून अक्रोडांची बरणी काढली. भाजताना फुटलेले तुकडे आम्हाला घरी न्यायला मिळतात, त्यातलेच. तिनं एक तुकडा कानाशी धरून मोडला. कट्. मान हलवली. हे कानाशी धरणं कारखान्यात गेल्या वर्षापासून सुरू झालं होतं. बायका कौतुकानं म्हणायच्या, मावशीला आता कानानंही कळतं. तिनं अक्रोड जाडसर कुटले, त्यात लसूण, पावाचा चुरा आणि थोडं तेल घातलं, तळहातानं माशावर दाबून बसवलं आणि ताटली ओव्हनमध्ये सरकवली.

तोवर माझं सुरूच होतं. तू मालकाची ढाल झालीस, तुझ्या जिवावर तो आम्हाला धुरात बसवतो, असं बरंच काही. ती ऐकून घेत होती. एवढंच म्हणाली की, तुला बोलायची हौस आहे, तू बोल, मी माझ्या खुर्चीवर बरी आहे.

खोलीत लसणाचा खमंग वास भरला. पण त्याच्या खाली आणखी काहीतरी होतं, बाटलीत वर्षभर पडून राहिलेल्या तेलासारखं. काका उठले आणि खिडकी उघडून आले. गार वारं येतंय, लावा ती, मावशी म्हणाली. त्यांनी ती अर्धीच लावली.

मासा दिसायला देखणा झाला होता. सोनेरी, कुठे काळा ठिपका नाही. मी पहिला घास घेतला आणि माझा घसा खरवडला. अक्रोड खवट होते. थोडेथोडके नाहीत, पार गेलेले. मी मान वर केली. काका खाली बघून मोठे मोठे घास घेत होते. टेबलाखाली त्यांनी माझ्या पायावर पाय ठेवला आणि दाबला.

मावशी शांतपणे जेवत होती. मीठ बेताचं पडलंय, एवढं तीच म्हणाली. कसं झालंय, हे तिनं आयुष्यात कुणाला विचारलं नव्हतं. वाढलं, जेवा.

मी गप्पपणे गिळत राहिले. तिथेच घोटाळा झाला.

"तुझं तोंड बंद झालं म्हणजे काहीतरी बिनसलंय," ती म्हणाली. तिनं माझं ताट पाहिलं, मग नवऱ्याचं. उठली, बरणी आणली, नाक आत घालून लांब श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग बरणी काकांपुढे धरली.

"अहो, खरं सांगा."

"जरा जुने आहेत."

"खवट आहेत का?"

काकांनी मान डोलावली.

"कधीपासून खाताय असं?"

"तू करतेस, मी खातो," काका म्हणाले. "त्यात काय एवढं."

ती खाली बसली. मग थोडं थोडं बोलली. आधी वाटलं सर्दी आहे. सर्दी गेली, वास परत आला नाही. मग ती रंगावर घाणा उतरवू लागली, मग आवाजावर, आणि कुणाला पत्ता लागला नाही. पण खवट अक्रोडही भाजला की रंग तोच आणि आवाजही तोच. नवऱ्यानं ओळखलं होतं, पण तो बोलत नव्हता. खुर्ची गेली की मी कोण, ती म्हणाली, पोती ओढणारी एक म्हातारी.

जी साक्ष मी वर्षभर शोधत होते ती समोर बसली होती. मला ती मागता येईना.

"माग की," तीच म्हणाली. "त्यासाठीच आलीस ना?"

मी ताटं उचलून मोरीत नेली. उरलेला मासा तिनं कचऱ्याच्या डब्यात ओतला.

दुसऱ्या दिवशी मालकानं नेहमीचं वाक्य टाकलं आणि हसून तिच्याकडे पाहिलं. मावशी उभी राहिली. "मला वास येत नाही, मालक. तुमच्या धुरानं खाल्ला." मालकानं विचारलं, मग इतके दिवस घाणे कशावर उतरत होते? अंदाजानं, ती म्हणाली.

पंखा आठवड्याच्या आत बसला. आणि खुर्चीवर दुसरी बाई बसली. मी मालकाच्या टेबलावर हात आपटले, काम बंद पाडू म्हणाले. तो म्हणाला, नाक नसलेली बाई भट्टीवर कशी ठेवू, तूच सांग. त्याचं खोटं नव्हतं, याचीच आग होते. ज्यानं नाक खाल्लं तोच नाक मागत होता, आणि वर त्याचंच बरोबर.

मावशी आता दारापाशी डब्यांना झाकणं लावते. भट्टीच्या खोलीत हवा स्वच्छ आहे. लोक पंख्याबद्दल माझी पाठ थोपटतात तेव्हा तो हात झटकून टाकावासा वाटतो.

परवा पुन्हा जेवायला गेले. तिनंच बोलावलं होतं. कुटायच्या आधी काका मूठ मूठ अक्रोड नाकाशी धरत होते आणि ती पाठ फिरवून उभी होती. "घे," ते म्हणाले, तेव्हा वळली. मासा फार सुरेख झाला होता. वरून कुरकुरीत, आतून मऊ, लिंबाची चव आतपर्यंत गेलेली.

"कसा झालाय?" मावशीनं विचारलं.

छान, मी म्हणाले.

"नुसतं तोंडानं नको सांगू. वर बघ."

मी वर पाहिलं. भट्टीतल्या बदामाचा रंग निरखावा तसा तिनं माझा चेहरा निरखला, मग काकांचा. बराच वेळ. मग स्वतःचं ताट पुढे ओढलं आणि जेवू लागली.