खरं झालं की आण

काकांची लाल पेन्सिल फार कंजूष होती. वाक्य नुसतं बरोबर असून भागत नसे, ते खरंही असावं लागे. तेव्हाच त्यापुढे बरोबरची एक बारीक खूण उमटायची.

नाशिकला मेन रोडच्या मागच्या गल्लीत त्यांचा टायपिंग क्लास होता. परीक्षा संगणकावर गेल्या, क्लास ओस पडला, मशिनींवर कव्हरं चढली. संध्याकाळी आम्ही चार-पाच जण त्याच टेबलांवर वह्या ठेवून त्यांच्याकडे इंग्रजी शिकायचो. मी चांदवडची, मराठी शाळेतली, एका ऑफिसात नुकतीच लागलेली. ‘टर्न’पुढे अप, डाउन की ऑफ, इथे माझी रोज फजिती व्हायची. काका म्हणाले, "यादी पाठ करू नकोस, परीक्षा झाली की उडून जाते. रोज एक फ्रेजल व्हर्ब घे आणि तुझ्या आयुष्यात जे घडलं त्याचं वाक्य कर. घडलंच नसेल तर आणू नकोस."

मग आम्ही दिवसभर ते क्रियापद घेऊन हिंडायचो. आमच्यातल्या एका गृहस्थांनी ‘रन आउट ऑफ’साठी घरातला गॅस संपायची आठवडाभर वाट पाहिली. संपला तेव्हा हसतच आले.

"अभिनंदन," काका म्हणाले. "बायको काय म्हणाली?"

"ती नाही हसली, काका."

"मग तिला ‘पुट अप विथ’ शिकवा. सहन करण्याचं वाक्य तिच्याकडे तयार असेल."

‘लुक आफ्टर’च्या दिवशी मी लिहिलं, ‘आय लुक आफ्टर माय फादर.’ काकांची पेन्सिल वहीवर टेकली आणि पुन्हा उचलली गेली.

"वडील कुठे असतात?"

"चांदवडला. अंथरुणावर आहेत."

"त्यांचं करतं कोण?"

"भाऊ."

"वाक्यात चूक काही नाही," वही परत देत ते म्हणाले. "खरं झालं की आण."

मला राग आला. चार दिवस क्लासला गेले नाही. शनिवारी मात्र चांदवडची एसटी पकडली. धाकटा भाऊ दारातच म्हणाला, "लय लवकर आठवण झाली गं, ताई." वडील माझ्यासाठी बाजेवर थोडे सरकले, एवढंच. नंतर मी दर शनिवारी जात राहिले. त्यांचं अंग पुसायचं, नखं काढायची, भात मऊ कालवून भरवायचा. दिवाळीनंतर तेच वाक्य मी काकांपुढे पुन्हा ठेवलं. त्यांनी खूण केली.

संक्रांत झाली आणि वडील गेले. त्यांचा शेवटचा शनिवार माझ्या वाट्याला आला, तो त्या न केलेल्या खुणेमुळे.

तेरावं उरकून परतले, तर पुढचं क्रियापद ‘गेट ओव्हर’ होतं, दुःखातून बाहेर येण्याचं. काकांनी पान उलटलं. "हे राहू दे. मलाच अजून जमलेलं नाही." काकूंना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. दाराजवळच्या काकूंच्या खुर्चीवर मात्र कुणी बसत नसे.

गेल्या महिन्यात काका गेले. मी घरी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या सुनेने एक जुनी वही आणि ती लाल पेन्सिल माझ्या हातात दिली. "तुम्हालाच द्यायला सांगितलं होतं." आम्हाला लावलेला नियम त्यांनी आधी स्वतःला लावला होता, हे तेव्हा कळलं. पानोपानी त्यांची वाक्यं, पुढे त्यांच्याच लाल खुणा. ‘गिव्ह अप’खाली तंबाखू सोडल्याचं वाक्य तीनदा खोडलेलं, चौथ्यापुढे खूण. ‘गेट ओव्हर’खाली काकूंचं नाव घालून लिहिलेलं एक निर्दोष वाक्य होतं. पुढची जागा कोरी.

त्याच पानावर खाली थोडी जागा उरली आहे. मी तिथे काकांचं नाव घालून तेच वाक्य लिहिलं. दोनदा वाचून पाहिलं, चूक नाही. लाल पेन्सिल त्या पानात ठेवली आणि वही मिटली.