कोंढ्याच्या बुढीचा तीळ

माझ्या सासूबाईंच्या डाव्या गालावर तीळ आहे, ही गोष्ट लग्नानंतर कित्येक वर्षं माझ्या लक्षात आली नव्हती. आज ती वरठीपासून नाकाडोंगरीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. हे काम मी एकट्यानं केलं.

सासूबाई कोंढ्याच्या. उन्हाळा लागला की त्या आमच्याकडे वरठीला येतात आणि त्यांच्यामागून मिरच्यांची पोती येतात. मिरची मधोमध चिरायची, आंबट दह्यात मुरवायची, मेथी-धन्याचा मसाला भरायचा आणि गच्चीवर कडक उन्हात वाळवायची, की सांडगी मिरची तयार. वरणभाताबरोबर तळून घेतली तर माणूस पोट भरल्यावरही भात मागतो. माझी बायको मंदा हे आईच्या हाताखाली शिकली. आधी ती शेजारी वाटायची, मग ओळखीच्यांना विकू लागली. मी पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवतो, तिथले सोबती माझ्या डब्यातली मिरची उचलायचे आणि घरी पाठवायला सांगायचे. मंदाचा धंदा चांगला चालला होता. म्हणजे मी त्यात लक्ष घालेपर्यंत.

भंडाऱ्याला लहान उद्योगांसाठी एक शिबिर होतं. नाव मंदाचं होतं, पण मिरच्या उन्हात पडलेल्या, म्हणून तिनं मला पाठवलं. (दुपारचं जेवण होतं, म्हणून मीही फार आढेवेढे घेतले नाहीत.) तिथे एक कोटवाले साहेब म्हणाले की माल कोणीही विकतो, खरा धंदेवाला ओळख विकतो. मी घरी आलो तो वेगळाच माणूस होऊन.

"मंदा, आपल्याकडे ब्रँड नाही," मी दारातूनच सांगितलं.

"मिरच्या आहेत. त्या आत घ्या आधी, आभाळ आलं," ती म्हणाली.

मिरच्या आत घेता घेता मी नाव ठरवलं. मला काहीतरी इंग्रजी, राजेशाही हवं होतं. मंदानं विचारलं की लोक आता काय म्हणून मागतात? लोक "त्या कोंढ्याच्या बुढीची मिरची द्या" म्हणूनच मागायचे. तेव्हा नाव ठरलं, 'कोंढ्याची बुढी'. पाकिटावर सासूबाईंचा फोटो. विहारातल्या कार्यक्रमात पांढरं लुगडं नेसून, जरा बाजूला बघत बसलेल्या असताना कोणीतरी काढलेला तो फोटो होता. सासूबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या की छापा, पण त्या पाकिटात शिळा माल भराल तर मी स्वतः येऊन फाडीन. चेहरा त्यांचा, म्हणजे इज्जतही त्यांचीच लागलेली होती. मंदाला ते लगेच कळलं. मला कळायला नाकाडोंगरीला जावं लागलं.

पहिली पाकिटं भराभर गेली. मी सुटीच्या दिवशी मोटरसायकलला दोन्हीकडे पिशव्या लावून गावोगावच्या दुकानांत माल पोचवायचो. नाकाडोंगरीला रामेश्वरभाऊंच्या किराणा दुकानात तर तो टिकतच नव्हता, कारण जवळच्या खाणीवरून सुटलेली माणसं घरी जाताना पाकीट घेऊनच जायची. मी प्रत्येक दुकानदाराला ब्रँड समजावून सांगायचो. ते ऐकून घ्यायचे, कारण मिरची चांगली होती.

आणि एक दिवस पवनीच्या बाजारात मला 'कोंढ्याचा बुढा' दिसला.

तोच रंग, तीच अक्षरं, आणि फोटोत झुपकेदार मिशांचा एक म्हातारा. मी पाकीट विकत घेतलं आणि पुरावा म्हणून घरी आणलं. मंदानं त्यातली मिरची तळून खाल्ली, मीठ जास्त आहे म्हणाली आणि पोळ्या लाटायला लागली. मला मात्र जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी भंडाऱ्याला नाव नोंदवून देणाऱ्या एका वकिलाकडे गेलो. त्यानं शांतपणे सांगितलं की कोंढा हे गाव आहे आणि बुढी प्रत्येकाच्या घरी असते, त्यामुळे दोन्हींवर माझी मालकी सांगणं अवघड जाईल. पण चेहरा तुमचा आहे, तो सांभाळा.

मी चेहरा सांभाळायचं ठरवलं. सासूबाईंना उजेडात बसवून मी त्यांचा चेहरा नीट पाहिला, तेव्हा मला तो तीळ सापडला. त्याच दिवशी मी मोबाईलवर सगळ्या दुकानदारांना आणि गिऱ्हाइकांना इशारा पाठवला: 'नकली मालापासून सावध! खऱ्या बुढीच्या डाव्या गालावर तीळ आहे. तीळ पाहूनच पाकीट घ्या. नकली माल विकणारा दिसल्यास ताबडतोब कळवा.' खाली माझा नंबर. लोकांनी तो इतक्या हौसेनं पुढे पाठवला की संध्याकाळपर्यंत तो मलाच तिघांकडून परत आला.

याच गडबडीत दुसऱ्या खेपेची पाकिटं छापायची होती. शिबिरातल्या साहेबांनी सांगितलं होतं की फोटोतल्या माणसानं नावाकडे पाहिलं पाहिजे, म्हणजे गिऱ्हाइकाची नजरही तिकडे जाते. आमची बुढी नेमकी नावाकडे पाठ करून बसली होती. मी छापखान्यात गेलो आणि तिथल्या माणसाला बुढीचं तोंड नावाकडे फिरवायला सांगितलं. त्यानं संगणकावर काहीतरी दाबलं आणि सासूबाई एका क्षणात फिरल्या. इतकं सोपं काम शिबिरात काहून शिकवत नाहीत, असं मला वाटलं. मी खूश होऊन होकार दिला.

पाकिटं घरी आली तेव्हा मी पहिल्या पाळीला कामावर होतो. मंदा आणि सासूबाईंनी ती भरली आणि त्या बाजाराला निघाल्या. तसं मंदानं मला सकाळी सांगितलं होतं. कोणत्या बाजाराला, हेही सांगितलं असणार. मी त्या वेळी इशारा आणखी कडक शब्दांत लिहीत होतो.

पाळी सुटली आणि रामेश्वरभाऊंचा फोन आला. आवाजात उत्साह होता.

"भाऊ, सापडली! तुमची नकली मिरचीवाली. इथं बाजारात दुकान मांडून बसली आहे. तीळ उजव्या गालावर आहे, मी स्वतः पाहून राहिलो."

मला जन्मात असा आनंद झाला नव्हता. मी विचारलं की बाई एकटीच आहे का? ते म्हणाले, सोबत एक म्हातारी आहे, आणि गंमत म्हणजे ती अगदी खऱ्या बुढीसारखी दिसते, तीळही डावीकडे. म्हातारी तिला आपली लेक म्हणते, पण लोकांचं म्हणणं पडलं की या बाईनं खऱ्या बुढीलाच फसवून आणलं आहे. तिच्या डोळ्यांदेखत तिचा नकली माल विकते म्हणजे काय हिंमत, असं सगळे बोलत होते. (आता मागे वळून पाहताना वाटतं की या ठिकाणी एखाद्या साध्या माणसाला काहीतरी सुचलं असतं.)

"सोडू नका तिले," मी म्हणालो, "मी येऊन राहिलो."

रामेश्वरभाऊंचा फोन स्पीकरवर होता. मागे चादरीवाला भोंग्यातून ओरडत होता आणि त्यातून एका बाईचा आवाज आला की अहो, तो माहा नवरा आहे. गर्दीत हशा पिकला.

रामेश्वरभाऊंनी विचारलं, "भाऊ, हे तं तुमची बायको म्हणून सांगून राहिली. ओळखता का?"

"मी असल्या बाईले ओळखत नाही," मी म्हणालो. "तिचं काही ऐकू नका. अशा बाया लय गोड बोलतात."

मग मी मोटरसायकल काढली. वाटेत खिशात फोन सारखा वाजत होता. तुमसरच्या अलीकडे थांबून पाहिलं तर मंदा. घरी भाजी नसेल, असं समजून मी फोन पुन्हा खिशात टाकला. ब्रँडचं काम चालू असताना मला घरगुती गोष्टींत पडायचं नव्हतं. नाकाडोंगरीच्या रस्त्याला लागेपर्यंत त्या बाईला काय काय सुनवायचं ते मी मनात पाठ केलं. एक वाक्य फार चांगलं जमलं होतं.

ते कामाला आलं नाही.

रामेश्वरभाऊंच्या दुकानासमोर बरीच गर्दी होती. मधोमध खुर्ची टाकून सासूबाई बसल्या होत्या. लोकांनी त्यांना चहा दिला होता, वर बिस्किटाचा पुडा. फसवल्या गेलेल्या म्हातारीची सगळे फार काळजी घेत होते. आणि बाजूला, मिरचीच्या पिशवीवर हात ठेवून मंदा उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, पण त्या नजरेनं तिनं मला आधी कधी पाहिलं नव्हतं.

मी हळूच म्हणालो की भाऊ, ही माझी बायको आहे.

"मगाशी तं ओळखत नोहते," रामेश्वरभाऊ म्हणाले.

मी सगळ्यांना सांगितलं की ही मंदा, या सासूबाई, मिरची आमचीच. कोणाला पटेना. त्यांचं चुकत नव्हतं. मीच पाठवलेला इशारा त्यांच्या फोनमध्ये होता आणि मीच पाठवलेल्या नियमाप्रमाणे पाकीट नकली होतं. एका म्हाताऱ्यानं तोड काढली की बुढीलाच विचारा. रामेश्वरभाऊंनी पाकीट सासूबाईंच्या हातात दिलं. मला हायसं वाटलं. आपला चेहरा माणूस ओळखेलच की.

सासूबाईंनी पाकीट दूर धरलं, जवळ धरलं, गालावर बोट ठेवलं. मग ठामपणे म्हणाल्या, "हे मी नोहो."

गर्दी पुढे सरकली. मी घाईघाईनं म्हणालो, "आई, नीट पाहा. तुम्हीच आहात."

"मले सांगता का जवाईबापू? माहा तीळ या गालावर आहे. हे दुसरीच कोणी आहे."

दुकानात पहिल्या खेपेचं एक पाकीट शिल्लक होतं. रामेश्वरभाऊंनी ते आणून नव्याशेजारी ठेवलं. दोन्ही बुढ्या एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या दिसत होत्या. लुगड्याचा पदर इकडचा तिकडे, तीळ इकडचा तिकडे. छापखान्यातलं ते एका क्षणात झालेलं काम मला तेव्हा समजलं. तोंड फिरवायला सांगितलं होतं, त्यानं अख्खी बुढी आरशासारखी उलटी करून दिली होती. मी डोळ्यांकडे पाहून होकार दिला होता. तीळ पाहायचं काम मी जिल्ह्यातल्या बाकीच्या लोकांवर सोपवलं होतं.

दुसरा मार्गच नव्हता. मी तिथेच उभं राहून सगळं सांगितलं. शिबिर, साहेब, बुढीनं नावाकडे पाहणं, छापखाना. सांगताना माझा आवाज लहान होत गेला, तशी मागची माणसं पुढे येऊन मोठ्यानं सांगा म्हणाली. चादरीवाल्यानंही भोंगा बंद केला.

मी थांबल्यावर मंदा पहिल्यांदा बोलली. "आता मले धरून ठेवाचं का सोडाचं, तेवढं सांगा. माल विकाचा आहे."

सगळा बाजार हसला. रामेश्वरभाऊंना इतकं अवघडल्यासारखं झालं की त्यांनी मंदासाठीही चहा मागवला आणि उरलेला माल दुकानात ठेवून घेतला. बऱ्याच लोकांनी दोन्ही तऱ्हेची पाकिटं मागितली, घरी दाखवायला. परत येताना मंदा आणि सासूबाई जीपनं आल्या. मोटरसायकलवर मागे बसायला कोणी तयार नव्हतं.

चार दिवस मंदा माझ्याशी कामापुरतं बोलली. मी समजूत काढायला गेलो, तेव्हा ती म्हणाली की मला बाजारात उभं केलं त्याचं एवढं नाही, पण आईचा चेहरा खोटा पडला, त्याचं वाईट वाटलं. पुढची पाकिटं तिनं स्वतः छापखान्यात बसून करून घेतली. त्यात सासूबाई सरळ समोर पाहतात. दुकानदारांना नवा निरोपही तिनंच पाठवला, एका ओळीचा: मिरची आवडली नाही तर परत आणा. माझा नंबर त्यात नव्हता.

नव्या पाकिटांची पहिली खेप घेऊन मलाच नाकाडोंगरीला जावं लागलं. रामेश्वरभाऊंच्या दुकानात एक अनोळखी बाई पाकीट उलटसुलट करून विचारत होती की खरी कोणती, हे ओळखायचं कसं? त्यांनी पाकिटाकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "बायकोले धरून ठेवा म्हणणारे भाऊ हेच. हे आणून देते ते खरी." बाईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, तिची खात्री पटली आणि ती पाकीट घेऊन गेली.

घरी येऊन मी मंदाला अभिमानानं सांगितलं की आता आपली ओळख इतकी पक्की झाली आहे, की तिची नक्कल करायची कोणाची हिंमत होणार नाही.

"हिंमत तं होईन," मंदा मिरच्या भरता भरता म्हणाली. "पण असा नवरा कुठून आणतीन?"

हे कौतुकच आहे, असं मी धरून चाललो आहे.