मधातली निम्मी कॅप्सूल

जंतूंचा मला फार धाक. पिंप्राळ्यात राहायला आलो तेव्हा मी शाळेत विज्ञान शिकवायची, आणि पोरांना शिकवण्यापेक्षा घाबरवायचीच जास्त. घरात पाणी उकळायचं, पेलेही उकळायचे. नवरा म्हणायचा, "आता मलाही एकदा उकळून घे."

शेजारच्या अक्का धुळ्याकडच्या. आमच्या तीन वर्षांच्या मुलीला त्या लाडाने ताक पाजायच्या, तेही नळाच्या पाण्याचं. मी वरून हसायची आणि आतून जळायची.

त्या हिवाळ्यात मुलीचा कान दुखला. डॉक्टरांनी जंतू मारायच्या कॅप्सूल दिल्या. फोडून निम्मी पूड मधात चाटवायची. कान बरा झाला. पण कॅप्सूलची रिकामी पट्टी जपून ठेवायची आणि पुढच्या वेळी औषधाच्या दुकानात तीच दाखवायची, ही आमच्याकडची पद्धत. खोकला आला, मी पट्टी दाखवली. मग जुलाब लागले. जुलाब म्हणजे जंतूच, म्हणून पुन्हा पट्टी. जुलाब वाढले तशी मी पूड वाढवली. एका सकाळी तिच्या चड्डीत रक्त दिसलं आणि मी रिक्षा बोलावली.

रिक्षात ती मांडीवर निपचित पडली होती, डोळे खोल गेलेले. तिला हाक मारायचीही मला भीती वाटत होती. तिने ओ दिली नाही तर?

दवाखान्यात सलाईन लावता लावता तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "घरी काही औषध दिलं होतं?"

विज्ञानाच्या बाईने काय सांगावं? "शेजारच्या बाई ताक पाजतात," मी म्हणाले, "कच्च्या पाण्याचं." पट्टी माझ्या पर्समध्येच होती.

नवऱ्याने ते घरी जाऊन सांगितलं असणार. दुपारी अक्का आल्या आणि दारातच थांबल्या. "बाई, मन्हा ताकमुळेच व्हयनं का वं हाई बठ्ठं?" मी मुलीचं पांघरूण सारखं करत राहिले.

तेवढ्यात डॉक्टर आत आले. जुलाब थांबत नव्हते. "जंतू मारायचं जोरदार इंजेक्शन सुरू करतो," ते म्हणाले आणि चिठ्ठी लिहायला लागले. आधीच मी इतकं दिलेलं, त्यात हे आणखी. मी पर्स उघडली आणि पट्टी त्यांच्यापुढे धरली. किती दिवस दिली, किती वाढवली, सगळं अक्कांच्या देखत सांगितलं.

डॉक्टर चिडले. "अहो, आतड्यात आपले राखणदार जंतूही असतात. ते जागा धरून बसतात म्हणून वाईट जंतूंचं फावत नाही. तुम्ही राखणदारच मारत बसलात!" त्यांनी ती चिठ्ठी फाडली आणि औषध बदललं.

पुढचे दोन दिवस मी तिच्या छातीवर हात ठेवून बसले होते. श्वास जरा मंद वाटला की माझाच थांबायचा. तिसऱ्या दिवशी तिने खायला मागितलं.

घरी आल्यावर काही दिवसांनी तिने अक्कांकडे ताकाचा हट्ट धरला. अक्का पेला घेऊन आल्या, पण तिच्या हाती देईनात. आधी माझ्याकडे पाहिलं.

"पानी उकळीसन करेल शे, बाई," त्या हळूच म्हणाल्या.