एकतीस मार्चचं पुस्तक

१४ जून २०२४ रोजी धोंडीराम गांगुर्डे यांनी वाचनालयाची वर्षाची वर्गणी सहाशे साठ रुपये भरली आणि ‘खाऱ्या चंद्राचे रखवालदार’ ही कादंबरी घरी आणली. मिठाचा ग्रह, त्यावर तरंगणारं शहर आणि सावल्या गहाण ठेवणारी माणसं. दोन दिवस ते सातपूरच्या घरात असून नसल्यासारखे होते.

धोंडीराम एका पतसंस्थेत हिशेबनीस. निवृत्तीला वर्ष उरलेलं. वाचायचं ते फक्त परग्रहांचं, यंत्रमानवांचं, नाहीतर उडत्या सापांचं. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद एका वहीत, शेवटी शेरा. ही वहीसुद्धा ते एकतीस मार्चला बंद करत आणि एक एप्रिलला नवं पान उघडत.

कादंबरी अर्ध्यावर आली तेव्हा लेखकाचं आधीचं काही वाचलंय का, हे बघायला त्यांनी वही काढली. दोन वर्षांपूर्वीच्या पानावर हीच कादंबरी होती. अक्षर त्यांचंच. त्यांनी वही मिटली ती पुन्हा उघडलीच नाही.

पुस्तकातलं एक अक्षरही त्यांना आठवत नव्हतं. वणीजवळच्या गावी त्यांचे वडील, आण्णा, शेवटी शेवटी त्यांनाच विचारायचे, “पाव्हणं, कोणत्या गावचं?” धोंडीरामांना ते आठवलं. पुढचे चार-पाच दिवस ते आंघोळ करताना जुन्या खातेदारांची नावं पुटपुटत राहिले. नावं सगळी आठवत होती. तरी भीती जाईना.

“अहो, आठवडा झाला, तुमचं ते मिठागर पुढे सरकत नाहीये,” त्यांच्या पत्नी उज्वलाताई म्हणाल्या. “काय झालंय?”

त्यांनी सांगून टाकलं.

“आण्णांसारखं?” त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, “आणा बघू ती वही.”

चष्मा लावून त्यांनी पान वरपासून खालपर्यंत वाचलं. “बाकीच्या पुस्तकांपुढे एवढे मोठाले शेरे. ‘शेवट गुंडाळला’, ‘राक्षस पटला नाही’. ह्याच्यापुढे नुसता ‘त’. हा ‘त’ कसला? ताकाचा?”

“कुठंय?”

“हा काय, पेन्सिलीनं.”

धोंडीराम वाकले. त्या ‘त’वर बोट ठेवून त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली.

“अगं, तरतूद!”

“कसली?”

“बिल आलं नसलं तरी खर्च झालाच आहे असं धरून एकतीस मार्चला नोंद करतो ना आम्ही? ती. आणि नव्या वर्षात उलट नोंद करून ती काढून टाकायची. त्या वर्षी एकोणचाळीस पुस्तकं झाली होती. चाळीस करायची हौस. हे चाळिसावं घरात होतं, रविवारी वाचू म्हणून आधीच लिहून टाकलं.”

“मग?”

“मग शनिवारी आपल्या पायलला बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या. दवाखान्याच्या वाटेवर मी पुस्तक न उघडताच परत केलं. तू रिक्षात ओरडत होतीस, ‘पुस्तक कसलं देताय, पोरगी बघा!’”

“ओरडले होते खरी.”

“म्हणजे मी हे वाचलेलंच नाही!”

“म्हणजे तुम्ही वाचनातही घोटाळा केलात.”

“घोटाळा नाही गं, उलट नोंद राहिली.”

“तेच ते. आण्णांचं नाव घेऊन मला घाबरवलंत वर.” असं म्हणून त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि हसू लागल्या.

धोंडीरामांनी लाल पेनानं ती ओळ रद्द केली. त्या वर्षीचा आकडा एकोणचाळीस झाला. इतक्या आनंदानं त्यांनी आयुष्यात कुठलीच चूक दुरुस्त केली नव्हती. मग चपला घालून ते कोपऱ्यावर गेले आणि लताबाईंच्या भेळेच्या गाडीवर चुरमुऱ्यांचा भत्ता बांधायला सांगितला. पुडी हातात आल्यावर खिसे चाचपले. पाकीट आणि फोन दोन्ही घरी.

“विसरलो बघा,” ते म्हणाले, आणि त्यांना मोठ्यानं हसू आलं.

“त्यात हसायचं काय, काका? द्या उद्या.”

दुसऱ्या दिवसापासून लताबाई लेकीकडे सुरगाण्याला गेल्या आहेत. त्यांचे चाळीस रुपये अजून द्यायचे आहेत.