यादीतला एकोणिसावा थांबा

आमच्या अपक्ष खासदारांना लोकसभेत रेल्वेवर बोलायला वर्षातून एकदा तीन मिनिटं मिळायची. मोठ्या पक्षांचे लोक दुपारीच बोलून मोकळे होत. अपक्षांची पाळी बाकं रिकामी झाल्यावर. तीन मिनिटांत काय मागायचं त्याची यादी भंडाऱ्याच्या कचेरीत मी टाइप करत असे. ऐंशीच्या दशकातली ती पाच वर्षं मी दुसरी नोकरी पाहिली नाही.

खासदार मूळचे वकील. दोन मोठ्या उमेदवारांच्या भांडणात निवडून आले, असं लोक म्हणत. लोक म्हणत ते खरंच होतं. पण माणूस स्वच्छ होता. लाखांदूरला एसटीने जायचे, उभ्याने. सत्तेतल्या पक्षाकडून दोनदा निरोप आला, दोनदा त्यांनी नाही म्हटलं. त्या "नाही"चा मला अभिमान वाटायचा.

यादीचे नियम मी घातले होते. अर्ज ज्या क्रमाने आला त्याच क्रमाने मागणी. काम झालं की ओळ खोडायची आणि खालच्या वर सरकवायच्या. कुणाच्या सांगण्यावरून क्रम बदलायचा नाही. पहिल्या महिन्यातच कचेरीत नारळ, तांदळाची पोती, नातेवाईक यायला लागले होते, म्हणून हे नियम.

माझ्या माहेरचा अर्ज एकोणिसावा आला. गावाच्या धुऱ्याला, शेतांच्या बांधाला, लागून नॅरोगेजची छोटी लाइन जाते, पण गाडी थांबत नव्हती. थांबली असती तर सातवीनंतर पोरींना तालुक्याच्या हायस्कुलात जाता आलं असतं. पायी आठ मैल, पावसाळ्यात धानाच्या बांध्यांतून वाट राहत नाही. माझ्या भावाने बौद्ध टोलीतून आणि बाकीच्या गावातून घरोघरी सह्या-अंगठे घेतले. कोणी सुटू नये म्हणून त्याला तीन आठवडे लागले. घाईने अर्ध्याच घेतल्या असत्या तर सहावा नंबर लागला असता.

पहिल्या वर्षी खासदार चौथ्या मागणीपर्यंत पोचले आणि वेळ संपल्याची घंटी वाजली. दुसऱ्या वर्षी पाचव्यापर्यंत. काम झालेलं नसल्याने सुरुवात दरवर्षी एक नंबरपासूनच. तिसऱ्या वर्षी पुन्हा चौथ्यावर घंटी.

"काहून वो बाई, आपला नंबर कवा येते?" भाऊ विचारायचा.

"येईल. क्रमाने येईल."

"खासदारापेक्षा मैस बरी. आडवी झाली का गाडी थांबते तरी."

घरातले सगळे हसले. मीही हसले. त्याची मुलगी तेव्हा सहावीत होती, वर्गात पहिली. हसणाऱ्यांत ती नव्हती.

चौथ्या वर्षी दिल्लीला निघण्याच्या आदल्या दिवशी खासदार माझ्या टेबलापाशी आले.

"बाई, या वर्षी तुमच्या गावाचं सगळ्यात वर घ्या."

"लोक काय म्हणतील, साहेब?"

"म्हणू द्या ना. मले तीन मिनिटं भेटतात. कोणतं तरी पयलं राहीनच."

मी म्हणाले, नियम म्हणजे नियम. ते कागद घेऊन गेले. घरी जाताना मला फार बरं वाटलं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

त्या वर्षी एक नंबरचा थांबा मंजूर झाला. पाच वर्षांत मंजूर झालेली तेवढी एकच मागणी. त्या गावचे लोक फेटे घेऊन कचेरीत आले. मी पट्टी ठेवून ओळ खोडली. आमचं गाव अठरावं झालं.

भाची सातवी पास झाली आणि जुलैत रोवण्याला, धानाची रोपं लावायला, गेली. तिला भंडाऱ्याला आणावं असं मी घरी बोलले होते. दीड खोलीत सासरची सहा माणसं, विषय तिथेच संपला. मी स्वतः मामाकडे राहून शिकले होते. मामाही आता नव्हते.

पाचव्या वर्षी मी नियम मोडला. कुणाला न विचारता आमचं गाव एक नंबरला टाइप केलं. एक वर्ष वाया गेलं तरी भाची आठवीत बसेल, असा माझा हिशेब होता. खासदारांनी यादी पाहिली, घडी करून खिशात ठेवली. आठवड्याने ती घडी तशीच परत आणली. चर्चा आटोपती घेतली होती. शेवटच्या काही जणांचं नाव पुकारलंच नाही.

"बसून होतो, बाई," ते म्हणाले. "शेवटपर्यंत बसून होतो."

पुढच्या निवडणुकीत त्यांचं डिपॉझिट गेलं. ते पुन्हा कोर्टात जाऊ लागले. नव्या खासदारांच्या माणसाला मी यादी द्यायला गेले. तो म्हणाला, "ठेवा तिथं." तिथे आधीच बरेच कागद होते.

भाचीचं लग्न तीन वर्षांनी झालं, सिहोऱ्याकडे. त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात ती माहेरी आली होती. धुऱ्यावर उभ्या होतो, गाडी आली आणि गेली.

"आत्या," ती म्हणाली, "साहेब तुमाले वर घ्या म्हणत होते, नाई का? बाबा सांगत होते."

"हो."

"मंग?"

मी नियम सांगायला लागले. तिने अर्ध्यातच मान फिरवली आणि लेकराचं नाक पुसायला घेतलं.